काळा सोडून कुठलाही

— नाही हो, काळा नको. काळा सोडून कुठलाही लावा. तो डबा आहे ना वरच्या फळीवर, बाईचं चित्र असलेला — त्या बाईचे केस कसले म्हणायचे, तपकिरी? — हां, तसला. शोभेल न शोभेल ते सोडा. शेहेचाळीस वर्षांची बाई मी, जामखेडकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते, मला कोण बघायला येणार आहे? आणि कापायचं म्हणाल तर एकदम बारीक कापा. मानेच्या वर. कानाच्या वर गेले तरी चालतील. मला ते सांभाळत बसणं जमणार नाही — सकाळी उठलं, पाण्याचा हात फिरवला, निघालं, असं काहीतरी करा. तुम्हीच ना लीना, बोर्डावरच्या? मला वाटलं चांगली मोठी बाई असेल. तुम्ही तर माझ्या हाताखालनं गेलेल्या पोरींएवढ्या दिसता. रागावू नका हं. स्टँडवर उतरले, पुढच्या गाडीला वेळ होता, बोर्ड दिसला, चढले जिना.

माहितीय मला, गुंता झालाय. कंगवा मोडेल तुमचा. दोन वर्षं झाली, विंचरलेच नाहीत नीट — गोळा करायचे, रबर लावायचं, वरनं पदर. तेलसुद्धा नाही. का म्हणजे? राहून गेलं. नाहीतर हे केस कसे होते सांगू? कमरेखाली यायचे, आणि सरळ नाहीत, या अशा लाटा. आमचे हे, भीमराज, मला बघायला आले ना, तेव्हा चहाचा कप हातात धरून एवढंच विचारलं — 'खरे हायेत का गंगावन हाय?' सगळी बैठक हसली. मीपण हसले आत. एस्टीच्या डेपोत मेकॅनिक माणूस, त्याला हात लावून बघितल्याशिवाय काही पटत नाही. — हां, थांबलात का? कानामागं ना? ती चाई पडलीय. पडते कुणाकुणाला. रुपयाएवढी होती, आता वाढली जरा. नाही, दुखत नाही. आता नाही दुखत.

किती दिवस टिकतो हा रंग? महिनाभर? आणि मग मुळातनं पांढरं दिसणार. दिसू द्या. महिन्यानंतरचं काय करायचंय मला, उद्या अकरापर्यंत टिकला म्हणजे झालं. — काही नाही हो अकराला. पुण्याला जायचंय. लग्न कुठलं! भेटायला जायचंय. मुलाला. इस्पितळात आहे तो. — अपघात नाही, ताप नाही… डोक्याच्या इस्पितळात. आता तुम्ही म्हणाल, पोराला भेटायला जायचं तर बाईनं नीट काळे करून, तेल लावून, वेणी घालून जावं. कुणीही म्हणेल. मीपण म्हणले असते.

सम्राट नाव त्याचं. ह्यांनी ठेवलं. हौसेनं ठेवलं, आमच्या घराण्यात पहिला मुलगा शिकणार म्हणून. इथंच होता ना, तुमच्या नगरला, पॉलिटेक्निकला. ब्याण्णवला घातला. पहिल्या वर्षी चांगले मार्क. जयंतीला गावात भाषण केलं त्यानं, कागद न घेता, बायका डोळे पुसत होत्या. दुसऱ्या वर्षी आला तो परत गेलाच नाही. खोलीतली पोरं भिंतीतनं बोलतात म्हणाला. आम्हाला वाटलं अभ्यासाचा ताण. मग रेडिओ फोडला, त्यातनं त्याचं नाव घेत होते म्हणून. तरी मी म्हणायचे, होईल बरा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, गोळ्या गालात धरून ठेवायचा आणि परसात थुंकायचा — तिथल्या कोंबडीनं खाल्लेल्या बघितल्या मी. आणि मग एका रविवारी दुपारी मी लसूण सोलत बसले होते, मागनं आला आणि अगदी शांतपणानं म्हणाला, 'हे केस माझ्या आईचे आहेत. तू कोण?'

मला वाटलं मस्करी. म्हणलं, सम्राट, मीच रे. तर म्हणाला, 'आवाजपण तिचाच काढतेस.' आणि धरले हे. गंगावन निघतं का बघत होता, ताई. त्याला वाटत होतं आईला कुणीतरी कुठंतरी ठेवलंय आणि ही दुसरीच बाई तिचे केस लावून घरात बसलीय. ओढत होता आणि रडत होता. निघेनात म्हणल्यावर आणखी रडायला लागला. पायाशी बसून विचारायचा — 'कुठं आहे ती, सांगा ना.' मला 'अहो' म्हणायला लागला होता. पोटच्या पोरानं मला अहो म्हणलं. असं एक दिवस नाही, दोन वर्षं. हे सकाळी सहाला डेपोत जायचे, वडिलांना त्यानं कधी बोट लावलं नाही. तेल लावलं तर म्हणायचा, आईची बाटली चोरली. म्हणून तेल बंद केलं. विंचरायला बसले की यायचा, म्हणून तेही बंद. — चाई नाही ती. तुम्हाला कळलंच असेल.

मार्चमध्ये पोचवला त्याला. कोर्टात उभं राहावं लागतं, त्याशिवाय घेत नाहीत. ह्यांनी सही करायला पेन घेतला आणि खाली ठेवला. बाहेर जाऊन उभे राहिले. मी केली सही. साहेबांनी विचारलं, काय त्रास देतो? मी पदर काढला, मान वळवली आणि दाखवलं. वर्गात फळ्यावर गणित दाखवते तसं दाखवलं. तो बाजूलाच होता, बघत होता.

आणि घरी आले ती झोपले. सकाळची झोपले, संध्याकाळी चारला हे उठवायला आले. उठल्या उठल्या म्हणलं, त्याला जेवायला वाढलं का? आणि मग आठवलं, तो नाही. आणि ताई, मला बरं वाटलं. रडू आलं नाही, बरं वाटलं. तुम्हाला लेकरं आहेत? नाहीत? मग काही म्हणू नका.

आता पत्र आलंय. सुधारणा आहे, शांत आहे, आईला भेटायचं म्हणतो. नातेवाइकांनी यावं, भेटीत ओळख वगैरे बघू, ठीक वाटलं तर घरी न्यावं, गोळ्या चालू ठेवाव्यात. ह्यांनी ते पत्र मला चार वेळा वाचायला लावलं. त्याच दिवशी खोलीला चुना दिला. खिडकीला स्वतःच्या हातानं गज बसवले होते ना, ते काढून टाकले. मला म्हणतात, 'घेऊनच ये. पोरगं बरं झालं, आता न्हाई म्हनू नको.' हे येणार होते बरोबर. मीच म्हणलं, कशाला रजा टाकता, मी एकटी आणते.

असं काय बघताय? गोळ्या खाईल तो, पत्रात लिहिलंय. किती दिवस खाईल? पंधरा? महिना? मग सकाळी हे सहाला जातील आणि घरात मी असेन आणि तो असेल. माझ्यात नाही आता. खरंच नाही. एवढं सगळं खोटं वाटायचं त्याला माझं — तोंड, आवाज, हात — एक केस तेवढे खरे वाटायचे. तेच नसले तर? तपकिरी केसांची, बॉबकटवाली बाई समोर बसली तर म्हणेल, ही नाही माझी आई. डॉक्टर लिहून घेतील. म्हणतील, राहू द्या आणखी सहा महिने. मला तोंडानं 'नको' म्हणावं लागणार नाही…

मी हे तुम्हाला कशाला सांगितलं? गाडीत बसल्यापासून कुणाशी बोलले नाही. कात्री का ठेवली खाली? — घरी जा म्हणता? तुम्हाला पाप लागेल असं वाटतं का? नाही लागणार. द्या इकडं. द्या म्हणते ना.

…हे घ्या. गेली एक बाजू. आता दुसरी कापा, अशी अर्धी कुठं जाऊ मी? सावकाश. मला घाई नाही. साडेतीनची गाडी आहे.

हां. बोलू नका, कापा.

— थांबा.

हे वर कसे चढले? मी तर लांब ठेवले होते हे कपाळावरचे. — वजन गेलं म्हणून? म्हणजे कापले की असेच वळतात हे? अहो, बाजूला व्हा जरा. उजेड येऊ द्या. दहावीच्या हॉलतिकिटावर फोटो आहे त्याचा. कपाळावर अशीच बट, डावीकडं वळलेली, पाणी लावून बसवली तरी उठायची. कान असेच बाहेर. मला कधी दिसलंच नाही हो, वेणीत झाकलं होतं सगळं. हा तर तोच बसलाय खुर्चीत. रोज आरशात बघतो तेच तोंड घेऊन उद्या मी त्याच्यापुढं जाऊन बसणार…

नको. तो डबा ठेवा वर. रंगानं काय होणार आहे आता, तोंड तेच राहणार. आणखी बारीक? किती बारीक करणार तुम्ही? सोडा हे कापड. मानेवरचे राहू द्या, मी झटकते. — नाही, मागचं नका दाखवू. तो आरसा खाली करा. खाली करा म्हणलं ना.