वाचून दाखवण्याचा नियम

वैजनाथ : ‘गर्भनिरोधक गोळ्या. सरकारी. तीन पाकिटं.’ अक्षर सुबक आहे तुमचं. हल्ली असं पाहायला मिळत नाही.

सत्यशीला : अहो, हळू! मी चिठ्ठी कशासाठी दिली असेल, असं वाटतं तुम्हाला?

वैजनाथ : तोंडाला श्रम नकोत म्हणून, असं समजलो. हे औषधांचं दुकान आहे, बाई. इथे आलेली प्रत्येक चिठ्ठी मी मोठ्याने वाचतो आणि गिऱ्हाइकाने ‘बरोबर’ म्हटल्याखेरीज फळीला हात लावत नाही. बत्तीस वर्षांचा नियम आहे. त्यापूर्वी एकदा न वाचता दिलं होतं. खोकल्याच्या औषधाऐवजी भलतंच गेलं, आणि एक म्हातारी तीन दिवस शुद्धीवर नव्हती. तेव्हा सांगा, बरोबर?

सत्यशीला : बरोबर. पण काका...

वैजनाथ : मी तुमचा काका नाही. वैजनाथ म्हणा, दुकानदार म्हणा, काहीही न म्हटलंत तरी औषध मिळतं. तीन पाकिटं कशाला?

सत्यशीला : तीन महिने पुन्हा इथे यावं लागू नये म्हणून.

वैजनाथ : कारण पटण्यासारखं आहे. रक्तदाब तपासलाय? अर्धशिशी? तंबाखू?

सत्यशीला : तपासलाय. नाही. नाही. हेही पेठेला ऐकवायचं आहे का?

वैजनाथ : पेठ जेवायला गेली. पावणेएक झाला. दुकानात तुम्ही, मी आणि बाकावरचे ते रंगराव. ते पेपर वाचताहेत. राहता कुठे?

सत्यशीला : हेसुद्धा नियमात बसतं?

वैजनाथ : नाही, हे निव्वळ कुतूहल. ही गोळी मागायला पेठेतलं कोणी माझ्याकडे येत नाही. पेठेतल्या बायका कोथरूडला जातात, कोथरूडच्या हडपसरला जातात. माझ्या वाट्याला परमुलखातली लाज येते.

सत्यशीला : खडकी.

वैजनाथ : खडकीत दारूगोळा फॅक्टरीचं हॉस्पिटल आहे. तिथे या फुकट मिळतात.

सत्यशीला : मिळतात. पण कार्ड लागतं. कार्ड सासऱ्यांच्या नावाचं, आणि ते सासूबाईंच्या कपाटात. शिवाय तिथला कंपाउंडर दर रविवारी विहारात सासऱ्यांच्या शेजारी बसतो. महापालिकेच्या दवाखान्यातही फुकट आहेत. पण तिथली नर्सबाई महिन्याने घरी येते आणि दारात उभी राहून विचारते, ‘सुनेला गोळ्या मानवल्या का?’ स्टेशनासमोरचा दुकानदार सरकारी गोळी ठेवतच नाही. त्याच्याकडे दसपट किमतीची आहे, चकचकीत डबीतली.

वैजनाथ : तो कशाला ठेवेल? या पाकिटावर जे सुटतं ते जमिनीवर पडलं तर उचलायला मीसुद्धा वाकणार नाही. मी ठेवतो, कारण फळीवर जागा आहे आणि लोकांची हिंमत कमी आहे. पण तुम्हाला चकचकीत डबी का परवडू नये? पर्समधून कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी लोंबते आहे.

सत्यशीला : हिंजवडीला आहे मी. पगार सासूबाईंच्या हातात देते. मला बसचे पैसे मिळतात.

वैजनाथ : धन्य! अमेरिकेतल्या बँकांचे व्यवहार हिंजवडीत बसून सांभाळायचे, आणि स्वतःच्या पगाराचं दर्शन फक्त पहिल्या तारखेला घ्यायचं. याला प्रगती म्हणतात.

सत्यशीला : हसा तुम्ही. दिवाळीनंतर कंपनी मला दीड वर्षासाठी बाहेर पाठवणार आहे. आमच्या दोन्ही घरांत पासपोर्ट काढलेली मी पहिली. त्याआधी दिवस राहिले, तर माझ्या जागी जायला एक जण बॅग भरूनच बसलाय. सासूबाई म्हणतात, आधी मूल होऊ दे, मग कुठे जायचं तिथे जा. हेच वाक्य त्यांनी माझ्या मोठ्या जावेला नर्सिंगच्या वेळी ऐकवलं होतं. तिची मुलं आता शाळेत जातात. ती कुठेच गेली नाही.

वैजनाथ : आणि यजमान? त्यांचं काय म्हणणं?

सत्यशीला : त्याला पटलंय. तोच घेऊन आलाय मला. बाहेर स्कूटरवर बसलाय.

वैजनाथ : तो हेल्मेटवाला? मी मघापासून गल्ला कुलूपबंद करावा की काय या विचारात होतो. आत का येत नाही तो?

सत्यशीला : कुणी ओळखलं तर, म्हणून.

वैजनाथ : अहो, आज सबंध सदाशिव पेठेत हेल्मेट घातलेला तो एकटा आहे! जाणारा-येणारा प्रत्येक जण वळून पाहतोय. ज्याला लपायचं असेल त्याने पुण्यात डोकं उघडं ठेवावं, एवढंही ज्याला उमगत नाही, त्याचं मूल तुम्ही लांबणीवर टाकताय हे उत्तमच करताय.

सत्यशीला : माझ्या नवऱ्याला बोलायचं ते मी बोलेन. तो अधिकार मी चिठ्ठीवर लिहून दिलेला नाही.

वैजनाथ : मान्य. शब्द मागे घेतो. मत घेत नाही.

रंगराव : ती हिरवी स्कूटर उत्तरेश्वरची हाय.

वैजनाथ : काय म्हणालात, रंगराव?

रंगराव : आमच्या फॅक्टरीतला उत्तरेश्वर. सोसायटीचं कर्ज काढून एकाच दिवशी घेतल्या आमी दोघांनी. तिचा मागचा दिवा पैल्याच पावसाळ्यात फुटला, त्यो अजून तसाच हाय. म्हंजी हेल्मेटात त्याचा पोरगा प्रज्ञेश. आन् ही त्याची बायको. पोरी, तुझ्या लग्नात जेवलोय मी.

सत्यशीला : तुम्ही... सासऱ्यांच्या खात्यात होतात?

रंगराव : सव्वीस वर्सं एका शेडात. तिकडं प्रेमलावैनी नातवासाठी डोळं लावून बसल्यात. परवा म्हनत हुत्या, सुनंला डाक्टरकडं न्यायची हाय, काय दोष हाय ते बघायचं. आन् दोष हितं पाकिटात मिळतुय! न्हाई, मला सांगावंच लागंल. दोस्ताला अंधारात ठिवायचं व्हय?

सत्यशीला : आणि मी त्यांच्या घरातल्या उजेडात राहते, असं वाटतं तुम्हाला?

वैजनाथ : रंगराव, दुकानात कानावर पडलेली गोष्ट उंबऱ्याबाहेर नेऊ नये, असा संकेत आहे.

सत्यशीला : ती त्यांच्या कानावर पाडली कुणी? मी कागदावर लिहून दिली होती. तुम्ही ती खणखणीत आवाजात वाचलीत. वर अक्षराचं कौतुक केलंत.

वैजनाथ : नियम चुकीचा नाही.

सत्यशीला : चुकीचा नाही? मग तो सगळ्यांना सारखाच असेल.

वैजनाथ : प्रत्यक्ष राष्ट्रपती चिठ्ठी घेऊन आले, तरी वाचेन.

सत्यशीला : मग यांची वाचा.

रंगराव : माझी? माझी कसली चिठ्ठी?

सत्यशीला : शर्टाच्या खिशात आहे, चौघडी घातलेली. मी आत आले तेव्हा तुम्ही गल्ल्यापाशी उभे होतात. मला पाहून म्हणालात, ‘तुमचं होऊ द्या आधी,’ आणि बाकावर जाऊन पेपर उघडलात.

वैजनाथ : यांच्याआधीही दोघांना पुढे जाऊ दिलंत. मी त्याला सौजन्य समजलो. दोष माझा. पुष्कळ दिवसांत सौजन्य पाहिलेलं नसल्यामुळे ओळखण्यात चूक झाली.

सत्यशीला : खडकी स्टेशनासमोर औषधांची दुकानं आहेत. फॅक्टरीचं हॉस्पिटलही आहे. ते सगळं सोडून, दोन बस बदलून, खडकीचा माणूस भर उन्हात सदाशिव पेठेत का येतो, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

रंगराव : माझं साधं हाय. गुडघ्याचं.

सत्यशीला : मग वाचू द्या की. गुडघ्याची कसली लाज?

वैजनाथ : आणा, रंगराव.

रंगराव : र्‍हाऊ द्या. उद्या येतो मी.

वैजनाथ : उद्याही वाचेनच.

रंगराव : वैजनाथराव, तुमच्या वयाचा हाय मी. जरा हळू वाचा, मंग देतो.

वैजनाथ : हळू वाचण्याची सोय असती, तर ती या बाईंना आधी दिली असती. आणा इकडे. हं. ‘एक महिना पुरतील एवढ्या...’

सत्यशीला : थांबा.

वैजनाथ : का? आत्ता तर तुम्हीच आग्रह धरलात.

सत्यशीला : पुढे वाचू नका. यांच्या खिशात काय आहे ते कळलं, तर उद्या मीही अशीच एखाद्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या घरांची काळजी वाहू लागेन. मला ती सवय नको. त्यांना जवळ बोलवा, चिठ्ठी त्यांच्याकडे वळवून धरा, एकेका शब्दावर बोट ठेवा आणि त्यांना मान डोलावू द्या. चूकही टळेल, दवंडीही टळेल. बत्तीस वर्षांत एवढं सुचलं नाही तुम्हाला?

वैजनाथ : नाही सुचलं.

सत्यशीला : मग आज सुचलं असं समजा.

वैजनाथ : तुमचं म्हणणं निर्दोष आहे. त्याचाच मला राग येतोय. या, रंगराव. इथे बघा. हे? आणि हे? इतके?

(रंगराव तीनदा मान डोलावतात. वैजनाथ आतल्या कपाटातून काहीतरी काढून कागदात बांधतात.)

रंगराव : पोरी.

सत्यशीला : बोला.

रंगराव : हिरव्या स्कुटरी लई हायेत पुन्यात.

सत्यशीला : पुष्कळ आहेत.

रंगराव : लांबनं सगळ्या सारक्याच दिसत्यात. म्हाताऱ्या मानसाची नजर. दिवा तेवढा बदलून घ्या म्हनावं.

सत्यशीला : सांगते.

रंगराव : मी म्होरं होतो. तू जरा दमानं नीघ. एकाच दारातनं दोघं नको.

वैजनाथ : गेले. बत्तीस वर्षांचा नियम मोडायला तुम्हाला बत्तीस मिनिटंही लागली नाहीत. ही तुमची तीन पाकिटं. घरी कुठे ठेवता?

सत्यशीला : घरी नेत नाही. ऑफिसच्या खणात. त्याची किल्ली माझ्याजवळ असते.

वैजनाथ : निदान एक तरी. तीन महिन्यांनी याल तेव्हा चिठ्ठी आणा. बोट ठेवीन.

सत्यशीला : चिठ्ठी आणणार नाही. तोंडाने मागेन.

वैजनाथ : मोठ्याने?

सत्यशीला : तुमच्याइतकं नाही.

वैजनाथ : ते रंगराव बघा, त्या स्कूटरच्या अगदी पुढ्यातून गेले. तुमच्या यजमानांनी चटकन मान खाली घातली. त्यांना सांगणार का, की ते मघाशीच ओळखले गेले?

सत्यशीला : राहू द्या. तो अजून लपलाय.