दोर मेहुण्याच्या हाती

मंडळी, सकाळचे साडेदहा वाजलेत. वाघजाईच्या कड्यावरून चाळीस हात खाली गेनू दोराला लोंबतो आहे, आणि वर दोर धरायला कोणी नाही.

आता मला सांगा, माणसानं स्वतःच्या बळावर उभं राहावं, हे आपण लेकरांना शिकवतो. बरोबरच आहे. पण जिथे उभं राहायला जमीनच नाही, तिथे काय करायचं? उत्तराची घाई करू नका. सकाळी गेनूलाही उत्तर येत होतं.

गेनू कड्यावरचा मध काढतो. आग्या माश्यांची पोळी कपारीत, बैलगाडीच्या चाकाएवढी. अंबाडीच्या दोरानं खाली उतरायचं, धूर करायचा, कोयत्यानं पोळं कापायचं. आणि त्या वाडीचा रिवाज असा, की वर दोर धरायचा तो मेहुण्यानं. बायकोच्या भावानं. सख्खा भाऊ का नाही? अहो, सख्ख्या भावाला बांध दिसतो! हसू नका, तुमच्यातले दोघे कोर्टातून थेट कीर्तनाला आलेत. मेहुण्याला दिसतं बहिणीचं कपाळ. त्याचा हात सुटत नाही.

गेनूचा मेहुणा रावजी. हात भक्कम, जीभ सैल. गेल्या वर्षी माश्या उठल्या तेव्हा गेनू खालून ओरडला होता, "रावजी, मला वर घे!" रावजीनं घेतलं. पण पुढे एका लग्नाच्या पंगतीत त्यानं त्या हाकेची नक्कल करून दाखवली. पंगत हसली. गेनू भरल्या पानावरून उठला.

आज निघताना हौसा, त्याची बायको, दारात आडवी आली.

"रावजीला सांगावा धाडू?"

"जांभळीचं खोड हाय वर. त्याला बांधतो. ते नक्कल करत नाय."

"आन् काय झालं तर खोड मला सांगाया येणार हाय का?"

गेनूनं दोर खांद्यावर टाकला आणि गेला.

गाठ पक्की होती, मंडळी. त्यात खोट काढू नका. कातळाच्या धारेवर दोर घासू नये म्हणून खाली गोणपाट घातलं होतं, तेही बरोबर. पोळं कापलं, मधाचा डबा कमरेला बांधला, दोर धरून वर चढायला लागला. दोन हात चढला, आणि गोणपाट त्याच्या खांद्यावरून दरीत गेलं. वर माणूस असता तर त्यानं ते पायानं दाबून धरलं असतं. खोड धरतं, पण बघत नाही.

दोर तीन पदरी. गेनूनं पुढचा हात टाकला — वर एक पदर तुटला. तो थांबला. चढावं तर हिसका बसतो, हिसक्यानं दोर घासतो. थांबावं तर धूर विझत आलाय, माश्या परतताहेत.

समोरच्या उतारावर रावजी भाताच्या वाफ्यावर फांद्या-पाचोळा पेटवून राब भाजत होता. दिसत होता, मुंगीएवढा. हाक पोचली असती. पण हाक कोणती मारायची? तीच ना, पंगत जिला हसली ती?

गेनू गप्प राहिला. मृदंगवाले, जरा हात आवरा... बघा, इतका वेळ.

पहिली माशी मानेवर बसली. त्यानं कमरेचा डबा सोडला. तेवढंच वजन कमी. डबा सुटला, हाक काही सुटेना. मग दुसरा पदर उसवायला लागला.

"रावजी, मला वर घे!"

समोरचा माणूस वळला. हातातली फांदी टाकली आणि धावत सुटला. खिंड उतरून कडा चढायचा. त्यानं ठेचा मोजल्या नाहीत. वर पोचला तो कडेला पालथाच पडला. जांभळीच्या मुळात पाय अडकवले, आणि दोर जिथे घासून कुरतडला होता, त्या जागेच्या खाली तो दोन्ही हातांनी धरला. आता गेनूचा भार खोडावर नाही, हातांवर.

"दाजी, हलू नका."

"ओढ की."

"उभा असतो तर ओढलं असतं. उठलो तर पकड सुटंल." मुळातला पाय आणखी रुतवत म्हणाला, "त्या पंगतीत... चुकलं माझं."

"ते मागनं बघू. धर आधी."

बघा, खालच्याला वरचा लागला. आता वरच्यालाही कुणीतरी लागतंय. रावजीनं मान वळवली आणि खाली वाडीकडे हाक दिली, "आक्का, माणसं आण!"

तुम्ही मनात म्हणाल, बुवा, आमची गाठ पक्की आहे. असेल. पण गोणपाट सरकलं तर ते कुणाला दिसेल, त्याचं नाव आत्ता मनात आणा. आणि कुणाच्या हाकेची तुम्ही कधी चारचौघांत नक्कल केली असेल, तर तेही नाव आणा. ज्यानं त्यानं आपलं आणा, मी विचारत नाही.

सव्वाअकरा झालेत. हौसानं हाक ऐकली. ती अनवाणी वाडीभर पळते आहे. तीन दारांवर तिची थाप पडली, एक उघडलंय. असा दोर हिसका न देता ओढायला चौघे लागतात.