काचेची नळी

चिखलीच्या स्टँडवर पासच्या रांगेत वच्छलाबाईंचं तोंड खिडकीकडे होतं, पण कान मागच्या मनाली अन् धम्मदीपकडे. दोघांचं कॉलेजचं पहिलं वर्ष नुकतंच सरलेलं.

"मनाली, प्रॅक्टिकलात तुले कमी मार्क काऊन?"

"सालभर ब्युरेटची काचेची नळी तुमी पोट्ट्यांनी धरली. तुझं अक्षर चांगलं, तू लिही म्हने! परीक्षेत एकटीनं धरली, त नळीवरचं रीडिंगच चुकलं."

"तवाच सांगाचं ना."

"आता सांगून राह्यली. सेकंड इयरले ब्युरेट माह्या हातात."

"अन् फुटली त?"

"तुह्या हातून दोन फुटल्या. कोनी काई म्हनलं तुले?"

"लयच जोर आला वं तुले!"

"मले पुढं दवाखान्याच्या लॅबमदी काम कराचं हाय, धम्या. थितं काय नुसतं लिहीत बसू?"

"मंग मी काय करू?"

"तू लिही. रीडिंग मी सांगीन."