बोर्डावरची पाचवी ओळ

अभिमन्यू : सर, चारच तर नावं आहेत. वर्षं बरोबर आहेत का तेवढं बघा, मी निघतो. पेंटर शिडीवरून फोनवर फोन करायलाय.

विठोजी : करू दे. बस की स्वल्प. पासष्ट वर्षांत कॉलेजला कधी फुटबॉलच्या कोचची आठवण झाली नाही, आणि आता एका दिवसात बोर्ड पाहिजे?

अभिमन्यू : उद्या फायनल आहे ना. प्रिन्सिपॉल मॅडम म्हणाल्या, कप आला की बोर्डासमोरच फोटो काढायचा. वाचू? पहिले सुब्बय्या सर. मग पॉल सर. मग तुम्ही, ऐंशीपासून तीस वर्षं. मग मी.

विठोजी : माझं नाव लिहू नको.

अभिमन्यू : अय्यो, काय सर! मग तीस वर्षं टीम कुणी चालवली, भुतानं?

सगुणाबाई : सकाळपासनं हेच चाललंय बघ, अभी. नाव नको, बोर्ड नको, नाष्टा पण नको. मी म्हटलं, अहो, नाव नको तर नको, उप्पीटानं काय घोडं मारलंय तुमचं?

विठोजी : तू आत जा.

सगुणाबाई : नाही जायची. आज मी इथंच बसणार. घे अभी, कॉफी घे.

अभिमन्यू : द्या, अक्का. सर, तुमचं नाव नाही तर माझं कुठनं येणार? तुम्ही हाताला धरून मैदानात आणलं नसतं तर मी गुडघा धरून कुठंतरी क्लार्की केली असती. तुमच्या खाली मी, आणि माझ्या खाली एक ओळ मोकळी ठेवायला सांगितलीय.

विठोजी : ती कुणाला?

अभिमन्यू : ध्रुवला. माझा स्ट्रायकर. स्मिता मॅडमचा मुलगा, पुण्याचे लोक, आता इथं बेळ्ळंदूरला राहतात. पाय तर आहेतच, पण डोकं बघा सर त्याचं! कालच त्याला म्हटलं, ध्रुव, तुझ्याकडं कोचचं डोकं आहे. माझ्यानंतर ही टीम तूच सांभाळायची.

विठोजी : काल म्हणालास?

अभिमन्यू : हां, काल.

विठोजी : तोंडावर फायनल, पोरगा वीस-एकवीस वर्षांचा. पुढं खेळायचंय त्याला. आणि काल त्याला तू कोच होशील म्हणून सांगितलंस?

अभिमन्यू : सुम्मने, सहज म्हटलं. बोलता बोलता निघालं.

विठोजी : गुडघा का घोटा?

अभिमन्यू : काय?

विठोजी : त्याचं काय दुखायलंय? गुडघा का घोटा?

अभिमन्यू : ...तुम्हाला कोण सांगितलं?

विठोजी : कोण नाही.

अभिमन्यू : गुडघा. उजवा. सेमीफायनलला स्वल्प वळला. सूज आहे, पण चालतोय चांगला. फिजिओ म्हणाला स्कॅन करा. म्हटलं, सोमवारी करू.

विठोजी : फायनल झाल्यावर.

अभिमन्यू : सर, एका दिवसानं काय होतंय? पुढच्या महिन्यात गोव्याच्या क्लबची ट्रायल आहे त्याची. फायनलमध्ये दिसला तर त्याचंच भलं. आणि मी काय जबरदस्ती करायलोय? उद्या सकाळी विचारणार की त्याला. दुखत असेल तर नको खेळू, असं सांगणार.

विठोजी : कुठं विचारणार?

अभिमन्यू : कुठं म्हणजे? ड्रेसिंग रूममध्ये.

विठोजी : सगळ्या पोरांसमोर.

अभिमन्यू : त्यात काय आहे?

विठोजी : अभिमन्यू, ती नावांची यादी ठेव आणि ऐक. पंचाहत्तर सालची फायनल. आदल्या दिवशी पॉल सर मला कँटीनला घेऊन गेले. मसाला डोसा मागवला. मी त्यांचा इतका लाडका कधी नव्हतो. म्हणाले, विठोजी, तुझ्याकडं कोचचं डोकं आहे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवशी माझा गुडघा गेला. पाच वर्षांनी त्यांनी मला शिट्टी दिली.

अभिमन्यू : ते ठाऊक आहे, सर. तुम्ही सांगितलंय की.

विठोजी : पॉल सरांचा घोटा. तो पण फायनलचाच. त्यांना सुब्बय्यांनी खेळवलं होतं आणि मग असिस्टंट करून घेतलं. आपल्या कॉलेजात कोच नेमत नाहीत. ज्याला आपण मोडलं, त्याला ही नोकरी देतो. आणि देताना त्याचं डोकं चांगलं आहे म्हणतो. मी तुला ते कुठं म्हणालो होतो?

अभिमन्यू : ...कँटीनमध्ये.

सगुणाबाई : डोसा खायला घालून.

अभिमन्यू : नाही, अक्का. नाही. माझी गोष्ट वेगळी आहे. सरांनी मला विचारलं होतं. दुखतंय का म्हणून, सरळ विचारलं होतं. मीच खोटं बोललो. क्रेप बँडेजवर मोजे चढवले आणि नाही म्हटलं. कलकत्त्याच्या क्लबचं पत्र आलं होतं, मला खेळायचंच होतं. सर, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. वीस वर्षं सांगायचं म्हणतोय. तुम्ही माझ्यावर विश्वास टाकला आणि मी तुम्हाला फसवलं. सत्तराव्या मिनिटाला मला उचलून नेताना तुम्ही रडत होता, ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दर रविवारी येतो ते त्याच्यासाठीच येतो. आज बोललो एकदाचं.

सगुणाबाई : बोला आता. त्यानं सांगितलं. झाकली मूठ किती वर्षं झाकून ठेवणार?

विठोजी : सगुणा...

सगुणाबाई : तुम्ही बोलता, का मी बोलू?

विठोजी : तू मला फसवलं नाहीस, लेका. मला ठाऊक होतं.

अभिमन्यू : काय ठाऊक होतं?

विठोजी : तुझा रिपोर्ट माझ्याकडं आला होता. कॉलेजनं स्कॅन केलं होतं ना, म्हणून कागद कोचकडं आला. लिगामेंट अर्धं फाटलंय, सहा आठवडे बूट घालायचे नाहीत, असं लिहिलं होतं. तुला मी सांगितलं, नुसता मुरगळलाय.

अभिमन्यू : तुम्ही म्हणाला होता रिपोर्ट नॉर्मल आहे.

विठोजी : हां.

अभिमन्यू : मग दुखतंय का म्हणून विचारलं कशाला?

विठोजी : तू नाही म्हणावं म्हणून. सगळ्या टीमसमोर विचारलं. एकवीस वर्षांचा पोरगा सगळ्यांसमोर हो म्हणेल होय? तू नाही म्हणालास आणि माझ्या डोक्यावरचं ओझं तुझ्या डोक्यावर गेलं. मी ते बघितलं जाताना. अगदी बरं वाटलं मला.

सगुणाबाई : फायनलचा शर्ट मी धुवायला घेतला, तर खिशात तो कागद. नव्वद मिनिटं छातीशी घेऊन उभे होते हे. मी पण गप्प बसले, अभी. आधी म्हटलं, नोकरी जाईल यांची. मग तू रविवारी यायला लागलास. मग कसं बोलायचं? तुला उप्पीट वाढताना दर वेळी हात जड व्हायचा. कागद देवाच्या खणात आहे. आणू?

अभिमन्यू : नको.

विठोजी : अभिमन्यू...

अभिमन्यू : थांबा, सर. थांबा जरा. वीस वर्षं मी माझ्या बायकोला सांगतोय की माझा गुडघा माझ्या खोटेपणानं गेला. प्रतिमा म्हणते, विसर की आता. मी म्हणतो, कसं विसरू, देवासारख्या माणसाला फसवलं. आणि तुम्ही दर रविवारी समोर बसून माझ्या हातनं तुमच्या चपला काढून घेत होता. पायावर डोकं ठेवून घेत होता!

विठोजी : मला शिव्या दे. पण ध्रुवला खेळवू नको.

अभिमन्यू : मला आता शिकवू नका!

विठोजी : शिकवलंय की. माझंच शिकलायस तू. माझ्याकडं निदान रिपोर्ट होता, मी तो लपवला. तू तर काढतच नाहीस. सोमवारी म्हणतोस. माझ्याहून हुशार निघालास.

सगुणाबाई : अहो, पुरे.

विठोजी : पुरे कसं? त्या पोराची आई काय म्हणाली, विचार त्याला.

अभिमन्यू : सर, तुम्ही म्हणाल तसं, असं म्हणाली. पुण्याहून इथं येऊन आमचं कोण आहे, तुमच्यावरच सोडलाय त्याला, असं म्हणाली.

सगुणाबाई : अभी, तुझी आई पण ह्याच खुर्चीवर बसून असंच म्हणाली होती.

अभिमन्यू : ...ठाऊक आहे, अक्का. बाहेर चप्पल घालत मी ऐकत होतो.

विठोजी : बोर्डावर माझं नाव नको म्हणतो ते उगाच नाही.

अभिमन्यू : नाव राहणार, सर. पुसून सुटका नाही व्हायची. उद्या कुणी पोरानं विचारलं, हे विठोजीराव कोण, तर सांगायला पाहिजे कुणीतरी. आणि त्याच्या खालचा कोण, ते पण.

विठोजी : काय सांगशील?

अभिमन्यू : ठाऊक नाही. आता काही विचारू नका.

सगुणाबाई : कॉफी तशीच राहिली. गरम करून देऊ?

अभिमन्यू : नको, अक्का. निघतो.

विठोजी : पुढच्या रविवारी...?

अभिमन्यू : रविवारचं काय सांगू? बघतो.

(दारात पायात चपला सरकवत तो फोन लावतो.)

अभिमन्यू : पेंटर, मी बोलतोय. चारही नावं लिहा. हां, वर्षं बरोबर आहेत. माझ्या खालची ओळ? ती नको. तिथं रेघ मारून बोर्ड बंद करा. ...नाही हो, पुढचं कॉलेज बघेल. ठेवतो.

सगुणाबाई : त्याला पण लाव. इथनंच लाव. रस्त्यात गेलास की मन बदलेल.

अभिमन्यू : लावतोय, अक्का. ...ध्रुव? कुठं आहेस? आई जवळ आहे? बरं, तिला सांग, मी तासाभरात घरी येतोय, आजच स्कॅन करायला जायचं. ...उद्या नाही. बेंचवर पण नाही. ...मी विचारत नाहीये तुला, सांगतोय. ...रड, काही हरकत नाही. मला शिव्या पण दे. ...हरू की, हरलो तर हरलो. ...आणि ऐक, काल मी ते म्हटलं ना, तुझ्याकडं कोचचं डोकं आहे म्हणून? ...हां, ते. ते विसर, बाळा. तू खेळायचंस.