सोळाव्या पानावर समाप्त

नाही नाही, ते पुस्तक आधी उघडू नका, माझं ऐका... उघडलंत की तुम्हीही म्हणणार, वा, काय धाडस, काय प्रयोग, आणि मग मला तुमच्याकडे बघून मान डोलवावी लागणार, आणि डोलवून डोलवून मान दुखायला लागलीय हो माझी! धाडस कसलं? टेबल फिरवलं होतं. एवढंच झालं होतं. टेबल.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. पहिल्यापासून सांगायची मला सवयच आहे, धंदाच तसा. मी बाइंडर. पुस्तकं बांधतो. छापखान्यातून मोठाले छापील कागद येतात, एकेका कागदावर सोळा पानं, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. फर्म्याला घड्या घालायच्या, पहिल्या फर्म्यावर दुसरा फर्मा ठेवायचा, शिवायचं, कापायचं, पुठ्ठा चढवायचा, झालं पुस्तक. आता यात अक्कल कितीशी लागते? एक आणि दोन मोजता आले पाहिजेत. एकानंतर दोन येतात. एवढंच माझं म्हणणं आहे! तेहेतीस वर्षं या एवढ्याशा म्हणण्यावर संसार केला, पोरीचं लग्न केलं, नात शाळेत जायला लागली, आणि तुम्हाला सांगतो, तेहेतीस वर्षांत कालपर्यंत माझ्या कामाची एक तक्रार नव्हती. एक. विचारा कुणालाही.

तर हे पुस्तक. लहान मुलांचं, सगळी चित्रंच चित्रं, पानाला एक ओळ मजकूर, बत्तीस पानं म्हणजे फर्मे फक्त दोन. एक आणि दोन! गोष्ट काय, तर एक लाल मोजा असतो, तो दोरीवरून वाऱ्यानं उडतो, रस्त्याभर फिरतो, सोळाव्या पानावर गटारात पडतो. इथे पहिला फर्मा संपला. दुसऱ्या फर्म्यात एक उंदीर त्याला बाहेर काढतो, कुणी धुतं, कुणी वाळवतं, आणि बत्तिसाव्या पानावर तो आपल्या जोडीदाराशेजारी दोरीवर लटकतो. खाली लिहिलंय, समाप्त. छान आहे की नाही? साधी, सरळ. पाच वर्षांच्या पोराला कळेल अशी, आणि पाच वर्षांच्या पोरांसाठीच होती.

आता मोठ्या पुस्तकात काय असतं, पानांना आकडे असतात, फर्म्याच्या पाठीवर बारीक काळी खूण असते, चूक झाली की लगेच दिसते. इथे चित्रकारबाईंचा निरोप आला, ''काका, चित्रांवर आकडे नकोत, आणि ती काळी खूण घडीतून डोकावते, तीही नको.'' नको तर नको. म्हटलं दोनच तर फर्मे आहेत, दोन मोजायला खूण कशाला लागते?

आणि एके दिवशी दुपारी प्रकाशकसाहेबांचा फोन. हे साहेब कसे बोलतात माहितीये का, वाक्य सुरू होतं तेव्हाच संपायची घाई असते त्यांना... ''दहा प्रती, पाच वाजता, स्पर्धा आहे, आजची शेवटची तारीख, बाकीच्या नंतर बघू, माणूस पाठवतो, ठेवतो.'' ठेवला पण! मी घड्याळ बघितलं, साडेतीन. धावत टेबलापाशी गेलो. माझं टेबल लांबलचक, दाराकडच्या टोकाला पहिल्या फर्म्याचा गठ्ठा, खिडकीकडच्या टोकाला दुसऱ्याचा, मी दारापासून खिडकीपर्यंत चालत जातो आणि जाता जाता उचलतो. तेहेतीस वर्षं तसाच चालतोय. बघत नाही. चित्रं बघत बसणारा बाइंडर दिवसाला चार पुस्तकं बांधेल. माझे पायच मोजतात, डोळे नाही.

आणि त्याच सकाळी आमच्याकडे घड्या घालणाऱ्या मावशींनी, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून, छापखान्यातल्या दोन माणसांना बोलावून टेबल गठ्ठ्यांसकट फिरवलं होतं! मला सांगितलं? सांगितलं असं त्या म्हणतात. ''सांगितलं होतं की, तुम्ही हो म्हणालात.'' अहो, मी दिवसभर हो म्हणत असतो, मशीन चालू असलं की मला दुसरं काही सुचत नाही. मावशी म्हणतात, ''मी टेबल फिरवलं, तुमचं डोकं नाही फिरवलं.'' बोला आता.

पाच वाजता दहा प्रती गेल्या. दोन महिने गेले. बाकीच्या तीन हजारांचे फर्मे कोपऱ्यात पडून, आणि एका सकाळी साहेब स्वतः माझ्या दुकानात, हातात वर्तमानपत्र. साहेब माझ्या दुकानात! बसायला स्टूल दिलं तर बसलेसुद्धा. म्हणाले, ''पुरस्कार! सर्वोत्कृष्ट सचित्र बालपुस्तक! ऐका परीक्षकांनी काय म्हटलंय,'' आणि वाचायला लागले, ''समाप्त या शब्दानंतर सुरू होणारं हे पहिलं बालपुस्तक असावं. शीर्षकाचं पान थेट मधोमध ठेवून चित्रकर्तीनं आरंभ या कल्पनेलाच...''

माझ्या हातातला सरसाचा कुंचला तसाच राहिला. शीर्षक मधोमध? समाप्तनंतर सुरू? माझ्या डोळ्यांपुढे ते टेबल आलं आणि ते फिरलं... आधी दोन, मग एक! साहेब आपले वाचतायत, ''आणि अखेरीस मोजा गटारात सोडून देण्याचं धाडस. सुखान्ताच्या बालिश हट्टाला ठाम नकार.'' बालिश! पाच वर्षांच्या मुलाच्या पुस्तकानं बालिश नसायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, ''साहेब, एकानंतर दोन येतात.'' म्हणाले, ''म्हणजे?'' सांगून टाकलं. टेबल, मावशी, उजेड, सगळं. साहेबांनी उठून दार लोटलं. तुम्हाला सांगतो, हा माणूस घाई न करता काही करताना मी पहिल्यांदा बघितला. मग हळूच विचारतात, ''अजून कुणाला बोललात?'' नाही म्हटलं. ''आणि बाकीच्या तीन हजार कशा बांधल्यात?'' म्हटलं, अजून बांधल्या नाहीत, पडून आहेत. साहेबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ''देव आहे.''

मी विचारलं, अहो, तुम्ही ती प्रत उघडून बघितली नव्हती का? म्हणाले, ''बघितली ना. मला वाटलं, आजकालचे कलाकार.'' झालं! मला वाटलं साहेब बघतील, साहेबांना वाटलं कलाकार आहेत, परीक्षकांना वाटलं... जाऊ दे. सगळ्यांना काही ना काही वाटलं, वाचलं कुणीच नाही.

समारंभाला मलाही बोलावलं, साहेब म्हणाले शेवटच्या रांगेत बसा आणि बोलू नका. बसलो, पाण्याच्या पिंपाशेजारी. स्टेजवर तीन परीक्षक, मधोमध चित्रकारबाई. बाई कसली, मुलगीच, माझ्या पोरीपेक्षा लहान असेल, नवी साडी सावरत बसलेली. तिला बिचारीला अजून प्रत मिळालेली नव्हती, दहाच्या दहा स्पर्धेला गेल्या होत्या ना, आणि वर्तमानपत्रात आलेलं तिनं वाचलं होतं, पण परीक्षक असंच बोलतात म्हणून सोडून दिलं होतं. स्टेजवर तिच्या हातात पुस्तक दिलं, तिनं उघडलं... आणि मी बघत होतो हो तिच्याकडे. तिनं पहिलं पान बघितलं, मग शेवटचं बघितलं, मग मधलं बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं उठावं आणि निघून जावं.

तेवढ्यात समोर बसवलेल्या मुलांना गोल चष्म्यावाल्या परीक्षकांनी पुस्तक वाचून दाखवलं. संपल्यावर एक चिमुरडी रडायला लागली. ''मोजा गटारातच राहिला?'' तर हे गृहस्थ खूश! माईकवर म्हणतात, ''पाहा, मुलं अस्वस्थ होतायत. हेच आपल्याला हवं होतं.'' कुणाला हवं होतं? त्या पोरीला तर मोजा हवा होता! आणि मग चष्मेवाले चित्रकारबाईंकडे वळून विचारतात, ''ही उलटी रचना आपल्याला सुचली कशी?''

पिंपातून थेंब पडतोय तो मला ऐकू येतोय. तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, ''सुचली नाही. झाली.'' टाळ्या! काय टाळ्या हो, उठून उभे राहिले लोक, केवढा विनय म्हणाले.

नंतर ती शोधत शोधत माझ्यापाशी आली. म्हणाली, ''काका, बांधणी तुमची ना?'' म्हटलं, हो. म्हटलं, आता बोलेल ते ऐकून घ्यायचं, आपलंच चुकलंय. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, ''तीन वर्षं बसले होते मी, तो मोजा घरी यावा म्हणून. शेवटचं पान सोळा वेळा काढलं.'' मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू... तेहेतीस वर्षांची सगळी ऐट तिथे पिंपाशेजारी गळून पडली. म्हटलं, पोरी, मी आत्ता स्टेजवर जातो आणि सांगतो चूक माझी आहे, काय व्हायचं ते होऊ दे. तिनं माझा हात धरला. ''नको काका. आई पहिल्या रांगेत बसलीय. इतकी वर्षं विचारायची, चित्रं काढून होतं काय. आज पहिल्यांदा नाही विचारलं.'' मग म्हणाली, ''मला एक बरोबर बांधून द्याल?''

दिली. दुसऱ्याच दिवशी बसलो, प्रत्येक फर्मा दोनदा बघून, मशीनला हात न लावता, मेणाच्या दोऱ्यानं हातानं शिवून. आणि शिवता शिवता आणखी एक बांधली, नातीसाठी. तिला वाचून दाखवली तर मोजा दोरीवर आल्यावर टाळ्या वाजवून म्हणते, ''आजोबा, परत!'' सात वेळा वाचलं. सातही वेळा घरी आला मोजा.

आणि मग त्या तीन हजार. उलट्या बांधायच्या! तुम्हाला वाटतं चूक करणं सोपं असतं? चुकून करणं सोपं असतं, ठरवून करून बघा. टेबल मी केव्हाच जागेवर आणलं होतं, त्यामुळे पाय आपले सरळच चालायचे, मधूनच एखादी प्रत बरोबर बांधली जायची. मग मावशींना तपासायला बसवलं. आयुष्यभर आम्ही चुकलेल्या प्रती शोधल्या आणि आता मावशी गठ्ठ्यातून वर करून ओरडायच्या, ''ही बघा, परत बरोबर बांधलीत! उसवा!'' बरोबर बांधली म्हणून बोलणी खाल्ली हो मी, या वयात! शेवटी टेबल पुन्हा फिरवलं. साहेबांचा निरोप आला, टेबल आता तिथेच राहू दे. त्यावर माझं काय म्हणणं होतं? एकानंतर दोन येतात, एवढंच. पण ते विचारलं कुणी?

तीनच्या तीन हजार शाळांमध्ये गेल्या, पुरस्कार म्हटल्यावर जाणारच. नातीच्या शाळेतही एक गेली. वर्गात बाई वाचून दाखवायला लागल्या, समाप्त आलं, मग शीर्षक आलं, आणि आमची नात उभी राहिली. ''बाई, तुमचं चुकलंय. आधी मोजा हरवतो, मग सापडतो.'' बाई म्हणाल्या खाली बस. ही बसते कसली, दुसऱ्या दिवशी आपलं पुस्तक दप्तरातून घेऊन गेली आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं. आख्ख्या वर्गानं दोन्ही बघितली. पोरं म्हणाली, हिचंच बरोबर आहे. बाई गोंधळल्या बिचाऱ्या, त्यांच्या प्रतीवर तर पुरस्काराचा सोनेरी शिक्का होता.

काल संध्याकाळी नात घरी आली, नाक फुगवून. पुस्तकात खोचलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. बाईंचं अक्षर सुंदर आहे, मी दोनदा वाचली. ''आपल्या पाल्याच्या प्रतीत पानं उलटसुलट लागली आहेत. बांधणी सदोष आहे. कृपया बाइंडरकडून दुरुस्त करून घ्यावी. खाली सही करावी.''

तेहेतीस वर्षांत माझ्या कामाची आलेली ही पहिली तक्रार. केली सही.