मंगळवारची बैठक

लसीसाठी बाळाला मांडीवर घेऊन ती दवाखान्याच्या बाकावर बसली होती. शेजारच्या कुलूप लावलेल्या खोलीपुढे एक बाई नवऱ्याचं मनगट घट्ट धरून झाडूवाल्या मावशींना विचारत होती.

"मावशी, दारू सोडणाऱ्यांची बैठक इथेच भरते ना? कागदावर मंगळवार लिहिलंय."

"भरायची, बाई. दोन महिने झाले बंद पडून. बैठक चालवणारे मास्तरच खोली उघडायचे, चहासुद्धा स्वतः करायचे. नऊ वर्षं थेंबाला शिवले नव्हते."

"मग आता?"

"परत दारू सुरू झाली त्यांची. किल्लीही त्यांच्याकडेच राहिली."

"ऐकलंस? नऊ वर्षं!" नवरा म्हणाला. "माझा आज तिसरा दिवस."

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो. मावशी, दुसरीकडे कुठे भरते?"

"पुलापलीकडच्या शाळेत. पण शनिवारी."

"चारच दिवस राहिले की!"

"चारच म्हणतेस? हात सोड, जरा बाहेर जाऊन येतो."

"मीही येते."

"पाच मिनिटांत आलो म्हटलं ना!"

बाईने हात सोडला.

अर्ध्या तासाने लस टोचून झाल्यावर ती रडणाऱ्या बाळाला थोपटत बाहेर आली, तेव्हा बाई तिथेच एकटी उभी होती.

"ताई, घड्याळ आहे ना तुमच्याकडे? पाच मिनिटं झाली का हो?"

तिने मनगटाकडे पाहिलं.

"नाही, अजून नाही झाली."