मालक म्हणजे कोण?

...आणि वर तो रेकॉर्डरूमचा कारकून मलाच म्हणतो, "अजून काय पाहिजे तुम्हाला? बापाच्या रकान्यात स्पष्ट लिहिलंय की, मालक!" अहो, स्पष्ट? तुम्हीच सांगा, मालक म्हणजे कोण? म्हणजे बघा, माझी पणजी, आईची आजी, गोऱ्या मळेवाल्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला, नवरा त्याच मळ्यावर. मुलगा झाला, म्हणजे माझे आजोबा, ती जन्माची नोंद करायला कचेरीत गेली, बाप कोण विचारलं, म्हणाली, "मालक." त्या बाबानं मान वर न करता लिहून टाकलं! आता नवऱ्यालाही मालकच म्हणतात, आणि तीन डोंगर ज्याच्या नावावर तोही मालकच! झाला की नाही घोळ?

तुम्हाला सांगतो, माझ्या आईनं घाऱ्या डोळ्यांपायी जन्मभर ऐकून घेतलंय. "तू नक्की कुणाची गं?" शाळेत, सासरी, अगदी माझ्या लग्नात सुद्धा! म्हटलं, बास. ती आहे तोवर छडा लावणार म्हणजे लावणार. तर सोबत आलेला मामा तिथंच भडकला! "मालक म्हणजे नवरा! घराण्याची अब्रू काढतोस?" ...हे घारे डोळे वटारून म्हणतोय हो! कारकून त्याच्याच बाजूनं. "आमची हीसुद्धा मला मालकच म्हणते." तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि पलीकडून, "अहो, कुठे उलथलात?" सगळ्या खोलीला ऐकू आलं!

पण मी सोडतोय होय? मळ्याचे कागद उपसले, शिंकून शिंकून नाक सोलपटलं, परदेशातून मळेवाल्याच्या भावाची नात हुडकून काढली. ती फोनवर कशी गोडगोड, "छे छे, त्यांना मूलबाळच नव्हतं." म्हटलं, असं का बाई? मग थुंका नळीत! थुंकली बिचारी. राहिली आमची आई. डीएनए तपासायचा तर थुंकी नळीवरच्या रेषेपर्यंत हवी, आणि हिच्या तोंडाला कोरड! "चांगल्या घरच्या बायका नळीत थुंकतात का रे?" अगं आई, घर कुणाचं तेच तर शोधतोय! कवळी काढ म्हटलं, लिंबू आठव म्हटलं, तिच्यासमोर कापलं सुद्धा... तेव्हा कुठे नळी भरली.

आणि जुळलं! ती परदेशातली बाई माझ्या आईची चुलत-चुलत बहीण! माझ्या डोळ्यांत पाणी, तसाच आईपुढे जाऊन बसलो. "आई, मालक म्हणजे मळेवाला गं! आता कुणी विचारलं ना..."

ती शांतपणे कवळी बसवत म्हणते, "मग? नवऱ्याला आजी 'अहो' म्हणायची. मालक त्याला कधी म्हणालीच नाही. भर कचेरीत खरं सांगून आली होती बिचारी, लिहिणाऱ्याला कळलं नाही त्याला ती काय करणार?"

मी उडालोच! "अगं, तुला ठाऊक होतं? मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

तर म्हणते, "तू थुंक म्हणालास, थुंकले. बोल कधी म्हणालास?"